घांगळीला घराणं का नाही?

एक छोटा प्रयोग करून बघा. फोनवर उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांची रुद्रवीणा शोधा आणि आधी नुसत्या स्पीकरवर लावा. पहिली काही मिनिटं वाटेल की काही घडतच नाहीये. वीणेचा खर्ज इतका खालचा असतो की फोनचा इवलासा स्पीकर तो गिळून टाकतो. आता इअरफोन घाला. मघाशी जी शांतता वाटली होती, तिथे एक स्वर अगदी हळूहळू वाकताना ऐकू येईल.

मग लगेच उस्ताद असद अली खान यांची रुद्रवीणा लावा. तशीच दांडी, तसेच दोन भोपळे. पण इथे प्रत्येक आघात वेगळा कळतो. तारेवर धातू पडल्याची धार त्याला आहे. वाद्य एकच आणि आवाज दोन.

हा फरक अपघाताने पडलेला नाही. दोघांनी विचार करून घेतलेले ते निर्णय आहेत. आणि त्या निर्णयांना नावं आहेत. एक डागरांचा, दुसरा खंडारबाणीचा. संगीताचे विद्यार्थी त्यावर आजही वाद घालतात.

आता तिसऱ्या वाद्याकडे येऊ. मुंबईहून अहमदाबाद हायवेनं निघालात की मनोर मागे पडतं, मग चारोटी नाका येतो. तिथून डावीकडे वळलं की डहाणू. न वळता सरळ गेलात की तलासरी, आणि त्यापुढे गुजरातची हद्द. या पट्ट्यातल्या वारली आणि कोकणा पाड्यांवर एक वाद्य वाजत आलं आहे. त्याला बांबूची दांडी आहे, खाली दोन भोपळे आहेत, मेणात बसवलेले पडदे आहेत, दोन-तीन तारा आहेत आणि टोकाला मोरपिसं. त्याला घांगळी म्हणतात.

घांगळी वाजवणारेही सगळे सारखं वाजवत नसणार. कुणाचं बोट जड, कुणाचं हलकं. कुणाला तार खणखणीत हवी, कुणाला दबकी. मग त्या फरकांना नावं का नाहीत? घांगळीला घराणं का नाही?

एक दांडी, दोन भोपळे

आधी एक गैरसमज दूर करू. घांगळीचं वर्णन करताना ‘वीणेसारखं साधं लोकवाद्य’ असं म्हटलं जातं. त्यातून असं सुचवलं जातं की खरी वीणा दरबारात होती आणि तिची कच्ची नक्कल रानात पोचली.

वाद्यांची रचना मात्र असं काही सांगत नाही. सतार किंवा तंबोरा घ्या. त्यात तार ताणणारी दांडी आणि आवाज वाढवणारा भोपळा जोडून एकच अंग झालेलं असतं. घांगळी आणि रुद्रवीणा या दोन्हींत दांडी हेच वाद्य. भोपळे तिला खालून लटकवलेले. १९१४ साली एरिक फॉन हॉर्नबोस्टेल आणि कुर्ट झाक्स या दोघांनी जगभरच्या वाद्यांचं जे वर्गीकरण केलं, त्यात या कारणानं ही दोन वाद्यं एकाच खणात पडतात आणि सतार दुसऱ्या खणात. आपल्याकडे हे सगळं पूर्वीपासून ‘वीणा’ या एका शब्दात मावत आलं आहे.

या घराण्याचा जुना लेखी दाखला महाराष्ट्रातलाच आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात वीणांचे अनेक प्रकार येतात. एका तारेची एकतंत्री आहे, आलापिनी आहे, आणि पडदे असलेली किन्नरी आहे. दांडी, भोपळा, मेणानं बसवलेले पडदे, हे सगळं सामान त्या काळी शास्त्राच्या ग्रंथात मानानं बसलेलं होतं. पुढे दरबारांत किन्नरीच्या जातीच्या वाद्यांचं रूप बदलत गेलं, दांडी जाड झाली, तारा वाढल्या, आणि आजची रुद्रवीणा म्हणजे बीन आकाराला आली. पाड्यांवर बांबू बांबूच राहिला आणि मेण मेणच राहिलं. त्यामुळे घांगळी ही बीनेची नक्कल मानण्यापेक्षा दोघी एकाच कुळातल्या चुलत बहिणी मानणं जास्त बरोबर आहे. एकीचं लग्न राजवाड्यात झालं, एवढाच फरक.

बोट की मिझराब?

आता त्या राजवाड्यातल्या बहिणीच्या घरातलं भांडण बघू.

झिया मोहिउद्दीन डागर यांचा जन्म १९२९ सालचा, उदयपूरचा. वडील झियाउद्दीन डागर तिथल्या दरबारात होते. पुढे झिया मोहिउद्दीन मुंबईत आले, आणि पनवेलजवळ पळस्पे इथे त्यांनी धृपदाचं गुरुकुल उभं केलं. मुंबई-गोवा हायवे जिथे सुरू होतो, ते हे पळस्पे. १९९० साली ते गेले.

त्यांना आलाप अतिशय संथ हवा होता. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना वाटेतली प्रत्येक पायरी ऐकू यायला हवी होती. त्यासाठी तार एकदा छेडल्यावर आवाज बराच वेळ टिकायला हवा. म्हणून त्यांनी वाद्यच बदललं. भोपळे मोठे केले, दांडी जाड केली. कोलकात्याच्या कनाईलाल यांच्या कारखान्यात अशी वीणा घडवून घेतली. बीनकार बोटांत तारेची मिझराब घालतात. ती त्यांनी काढून टाकली आणि नुसत्या बोटांनी वाजवायला सुरुवात केली. वीणा खांद्यावर न घेता मांडी घालून, कर्नाटकातल्या सरस्वती वीणेसारखी आडवी धरली. वरचा भोपळा डाव्या गुडघ्यावर, खालचा उजव्या बाजूला.

या सगळ्या बदलांचा परिणाम एकाच दिशेनं जातो. मिझराब नसली की आघाताचा ‘टण्ण’ आवाज कमी होतो. मोठा भोपळा आणि जाड दांडी खालचे स्वर जास्त काळ धरून ठेवतात. परिणामी कान आघातावर अडकत नाही, आघातानंतर काय होतं त्याच्या मागे जातो.

असद अली खान यांनी नेमका उलटा रस्ता धरला. १९३७ साली अलवरला जन्मलेले खान हे जयपूरच्या बीनकार परंपरेतले, खंडारबाणीचे वादक. ते वज्रासनात बसत. डावीकडचा भोपळा खांद्यावर, म्हणजे जवळजवळ कानाला लागून. बोटांत मिझराब. त्यांच्या लेखी ती बैठक हा सोयीचा प्रश्न नव्हता. वीणा अशीच धरायची असते, ही परंपरेची शिस्त होती. खंडारबाणीचा स्वभावच जोरकस मानला जातो आणि मिझराबीचा बोल त्या जोराला शोभतो. २००८ साली त्यांना पद्मभूषण मिळालं, २०११ साली ते गेले.

कोण बरोबर? हा प्रश्न विचारला की लगेच दुसरा प्रश्न विचारावा लागतो: कशासाठी बरोबर? स्वराचा प्रवास ऐकवायचा असेल तर बोट. बोलाचं वजन ऐकवायचं असेल तर मिझराब.

नखावरून झालेला वाद

असला वाद फक्त आपल्याकडेच होतो असं नाही. युरोपात ल्यूट नावाचं वाद्य शेकडो वर्षं घरोघरी वाजत होतं. पोट फुगलेलं, पेअर फळाच्या आकाराचं वाद्य. आधी ते पिसाच्या कलमानं वाजवत. पंधराव्या शतकाच्या शेवटाकडे वादक कलम टाकून बोटांनी वाजवायला लागले, कारण एकाच वेळी दोन-तीन सुरावटी वाजवायच्या तर एक कलम पुरत नाही. मग अंगठा बोटांच्या आत ठेवायचा की बाहेर, यावरून मतं पडली. साधारण १६०० च्या आसपास बरेच वादक अंगठा बाहेर काढून वाजवू लागले. त्यानं आवाज जास्त लखलखीत येतो, असं त्या बाजूच्या लोकांचं म्हणणं होतं.

१६७६ साली केंब्रिजच्या थॉमस मेस या वादकानं ल्यूटवर एक जाडजूड पुस्तक काढलं. नखानं वाजवावं की बोटाच्या मांसल टोकानं, यावर त्याचं मत ठाम होतं. गोडवा बोटाच्या टोकात आहे, असं तो म्हणतो. पण पुढे तो एक सवलतही देतो: चार वाद्यं एकत्र वाजत असतील तर नख चालून जाईल. एकट्यानं वाजवताना मात्र नको.

ही सवलत महत्त्वाची आहे. मेसला कळलं होतं की चांगला आवाज हा फक्त तारेत किंवा बोटात नसतो. खोलीत किती माणसं आहेत, बाजूला कोण वाजवतंय, ऐकणारा किती जवळ बसलाय, यावरही तो ठरतो.

दीडशे वर्षांनी पॅरिसमध्ये फर्नांदो सोर आणि दिओनिसियो आग्वादो हे दोन स्पॅनिश गिटारवादक याच प्रश्नाच्या दोन बाजूंना उभे होते. सोर नखाशिवाय वाजवायचा, आग्वादो नखानं. दोघांची चांगली मैत्री होती. सोरनं दोन गिटारींसाठी एक रचना लिहिली आणि तिला नाव दिलं ‘दोन मित्र’. मतभेद मिटला नाही, पण तो एका रचनेच्या रूपानं टिकून राहिला. आज गिटार शिकणाऱ्या मुलाला नखं वाढवायची की नाही हे ठरवताना ही दोन नावं हाताशी असतात.

कणसरीचा श्रोता

आता परत डहाणूकडे.

वारल्यांचं वाद्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तारपा येतो. त्यालाही भोपळा, बांबू, ताडाचं पान आणि मेण हेच सामान लागतं. पण तारपा फुंकून वाजतो. वादक श्वास न तोडता वाजवत राहतो आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी गोल फिरत जाते. तारपा मोकळ्यावर वाजतो, लांबवर ऐकू जातो, आणि चित्रात उठून दिसतो. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रांना भिंतीवरून कागदावर आणि तिथून जगभर नेलं. त्या चित्रांबरोबर तारप्याभोवतीचं वर्तुळही जगभर गेलं. आज ते मोबाइलच्या कव्हरवर आहे, कुर्त्यावर आहे, मेट्रो स्टेशनच्या भिंतीवर आहे.

घांगळी असं काही करू शकत नाही. तिचा आवाज लहान आहे. ती कथेच्या साथीचं वाद्य आहे. कणसरी ही धान्याची देवी. तिची कथा गाणारा भगत घांगळी वाजवत गातो. एका हातानं तार छेडायची, दुसऱ्या हातानं पडद्यावर दाबायची, आणि मुख्य काम गळ्याचं. कथा लांब असते आणि ऐकणारे भोवती जवळ बसलेले असतात.

घांगळीच्या आवाजाचा विचार याच्यापासून सुरू करायला हवा. तिला हजार माणसांच्या सभागृहात पोचायचं नाही. गाणाऱ्याच्या शब्दावर मात करायची नाही. तिनं शब्दाला स्वर धरून द्यायचा, दोन ओळींमधली जागा भरायची, आणि तास न् तास वादकाचा हात न थकवता वाजत राहायचं. या कामासाठी हलका बांबू चांगला. छोटे भोपळे चांगले. दोन-तीन तारा पुरेशा. दहा मिनिटांच्या मंचावरच्या कार्यक्रमात घांगळी ‘कमी’ वाटते, तेव्हा कमी पडलेली असते ती वेळ आणि जवळीक.

याच मुलखात आणि डांगच्या बाजूला थाळीवरही कथा गातात. काशाच्या थाळीत मेणानं एक काडी उभी करतात आणि तिच्यावरून बोटं वरून खाली ओढत राहतात. एक अखंड घूं असा स्वर निघतो. त्याला ना पडदा ना तार. तरी कथेला जे लागतं ते नेमकं तेवढं त्यातून मिळतं. ज्या माणसांनी हे शोधलं, त्यांना आवाजाची समज कमी होती असं म्हणायला फार धाडस लागेल.

डागरांनी मिझराब का काढली, हे सांगताना आपण म्हणतो की त्यांना संथ आलाप हवा होता. घांगळीचा बांबू हलका का, हे सांगताना मात्र आपण म्हणतो की ‘त्यांच्याकडे साधनं नव्हती’. एकाच्या बाबतीत निवड आणि दुसऱ्याच्या बाबतीत नाइलाज. हा फरक वाद्यात नाही, आपल्या सांगण्यात आहे.

नाव कुणाला लागतं

घराणी अनादि काळापासून आहेत असं आपल्याला वाटतं. तसं नाही. घराण्याची आजची कल्पना प्रामुख्यानं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घट्ट झाली. १८५७ नंतर दरबारांचा आधार सुटत गेला, कलावंत शहरांत आले. अनोळखी श्रोत्यांसमोर आपण कोण हे सांगायची गरज पडली. १९०२ साली भारतात ग्रामोफोनचं ध्वनिमुद्रण सुरू झालं, आणि तबकडीवर नाव छापायची वेळ आली. दरबारात सगळे एकमेकांना ओळखत होते. बाजारात ओळखपत्र लागतं. घराणं हे असं एक ओळखपत्र होतं.

सतारीचं उदाहरण घ्या. मुंबईत राहणाऱ्या अब्दुल हलीम जाफर खान यांनी डाव्या आणि उजव्या हाताच्या वेगळ्याच मेळातून एक शैली उभी केली. तिला ‘जाफरखानी बाज’ म्हणतात. विलायत खान यांनी सतार गळ्यासारखी गायला लावली, ते ‘गायकी अंग’. रविशंकर यांनी खालच्या सप्तकाच्या जाड तारा जपल्या, त्याला खर्ज-पंचमची सतार म्हणतात. हाताच्या सवयीतला फरक इथे शब्दात उतरला, शब्द रेकॉर्डच्या पाकिटावर गेला, आणि पुढच्या पिढीला निवड करायला मिळाली.

बनवणाऱ्यांचंही तसंच. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरातले फरीदसाहेब वाद्यं दुरुस्त करता करता बनवू लागले. त्यांचे वंशज सतारमेकर म्हणून ओळखले जातात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याची जवारी खुली ठेवायची की बंद, यावर मिरजेत गायक आणि कारागीर यांच्यात जे बोलणं होतं, त्याला दुकान आहे, पत्ता आहे, आडनाव आहे.

घांगळी दुकानातून येत नाही. भोपळा वेलावरून येतो, बांबू रानातून, मेण पोळ्यातून. दोन भोपळे कधी सारखे नसतात, त्यामुळे दोन घांगळ्याही सारख्या नसतात. मिरजेत या गोष्टीला कारागिराची खासियत म्हणतील. पाड्यावर आपण त्याला ओबडधोबडपणा म्हणून मोकळे होतो.

डहाणू-तलासरीचा इतिहास मराठी वाचकांपर्यंत मुख्यतः दोन दारांनी आला. पहिलं दार लढ्याचं. १९४५ साली तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची परिषद झाली आणि वेठबिगारीविरुद्धचा उठाव पेटला. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो लिहून ठेवला. दुसरं दार चित्रांचं. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून वारली चित्रं शहरात पोचली. त्यातून जिव्या सोमा म्हसे हे नाव झालं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधी वारली चित्राला ‘चित्रकार’ नव्हता. ‘वारली लोक काढतात’ एवढंच होतं. नाव लागल्यावर लोकांना दिसायला लागलं की एकाची रेघ दुसऱ्याच्या रेघेसारखी नसते. रेघा तर आधीपासून वेगळ्याच होत्या.

आवाजाचं दार अजून एवढं उघडलेलं नाही. आणि ते उघडताना एक अडचण आहे, ती लपवायला नको. नाव लागलं की त्याबरोबर बाजारही येतो. म्हसे यांच्या नावाबरोबर वारली चित्रांच्या छापील नकलाही आल्या. कणसरीची कथा दहा मिनिटांत कापून मंचावर आणली, तिला ‘अमुक घराण्याची घांगळी’ असा बोर्ड लावला, तर जे टिकवायचं तेच हातातून जाईल. जवळ बसलेल्या श्रोत्यांसाठी वाजणाऱ्या वाद्याला ओळखपत्राची गरजच पडली नव्हती. भगताला सगळे ओळखतच होते. तेव्हा घराणं नसणं म्हणजे काही तरी उणं असणं, असंही नाही.

पण आता ऐकणारे बदलत आहेत. पाड्यावरची मुलं वापीला आणि मुंबईला कामाला जातात, त्यांच्या हातात फोन आहे. शिकणारा समोर बसून बोटं बघत असेल, तोवर नाव लिहून ठेवायची गरज नसते. तो उठून गेला की मग लिहिलेलंच उरतं. डागर आणि असद अली खान दोघंही आज नाहीत, तरी त्यांच्यातला फरक आपण सकाळी चहा पिता पिता ऐकू शकतो. घांगळीवरच्या दोन हातांतला फरक ते दोन हात थांबले की संपतो, आणि मागे ‘आदिवासी वाद्य’ असं शीर्षक दिलेला एक व्हिडिओ उरतो.

म्हणून एकच मागणं आहे. पुढच्या वेळी डहाणूला, तलासरीला किंवा अजून कुठे कुणी घांगळी वाजवताना दिसलं आणि फोन बाहेर काढावासा वाटला, तर आधी विचारा. काही गाणी त्या रात्रीपुरतीच असतात, ती मागू नका. परवानगी मिळाली तर व्हिडिओखाली त्यांच्या इच्छेनं एवढं लिहा: वाजवणाऱ्याचं नाव, पाडा, वाद्य कुणी बनवलं, तार कशाची, कोणत्या बोटानं छेडतात, कुणाकडून शिकले, आणि शेजारच्या पाड्यावरचे वेगळं वाजवतात का. शेवटचा प्रश्न विसरू नका. त्याचं उत्तर बहुधा ‘हो’ असेल, आणि कसं वेगळं ते सांगायला माणूस घांगळी पुन्हा हातात घेईल.